गाडी विजेची, वाट कागदांची

परदेशात बस्तान बसवू पाहणाऱ्या भारतीय कुटुंबाच्या आयुष्यात मोटारगाडीची खरेदी हा एक महत्त्वाचा टप्पा असतो. घर मिळाले, मुलांची शाळा ठरली, पहिला हिवाळा पार पडला, की गाडीचा विषय निघतोच. गेल्या काही वर्षांत या विषयाबरोबर दुसरा प्रश्नही आपसूक येतो. घ्यायचीच आहे तर विजेवर चालणारी का नको?

जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न विशेष निकडीने उभा राहतो. पुण्याजवळच्या चाकण परिसरात जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने आहेत. तेथील व त्यांच्याशी जोडलेल्या उद्योगांतील अनेक अभियंत्यांचा प्रवास पुढे स्टुटगार्ट, म्युनिक अशा शहरांकडे होतो. स्टुटगार्ट ही तर १९६८ पासून मुंबईची भगिनीनगरी. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केल्यानंतर जर्मनीची वाट धरणाऱ्यांचे कुतूहल आणखी वाढले. मात्र तेथे पोहोचलेल्यांना लवकरच एक गोष्ट कळून चुकते. त्या देशात गाडी विकत घेणे सोपे आहे, पण ती आपल्या नावावर करून नियमाने चालवणे ही कागदांची एक लांबलचक साखळी आहे. गाडी विजेची असेल तर या साखळीची दोन टोके घराशीच येऊन मिळतात. एक टोक असते नोंदवलेल्या पत्त्याचे आणि दुसरे असते भिंतीवरच्या चार्जरचे.

पत्ता हेच मूळ

जर्मनीत घर बदलले वा नव्याने घेतले, की दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नागरिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात. तिच्यासाठी केवळ भाडेकरार पुरत नाही. भाडेकरू खरोखरच त्या घरात राहायला आला आहे, असे घरमालकाने लिहून दिलेले प्रमाणपत्र नोव्हेंबर २०१५ पासून सक्तीचे आहे. मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ मिळण्यातच कित्येक दिवस जातात. त्यामुळे गावात पाऊल ठेवण्यापूर्वीच ही वेळ ऑनलाइन आरक्षित करून ठेवण्याची पद्धत जाणकारांत रूढ आहे.

ही नोंदणी झाली की मगच पुढची दारे उघडतात. अकरा अंकी करक्रमांक टपालाने त्याच पत्त्यावर येतो. बँकेचे खाते, वास्तव्याचा परवाना, विमा, विजेची जोडणी या सर्वांसाठी नोंदणीचा दाखला मागितला जातो. येथे एक साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीवर आडनाव लावलेले नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. सरकारी व्यवहार आजही मोठ्या प्रमाणावर टपालाने चालणाऱ्या या देशात नावाची ती छोटी पट्टी म्हणजे घराच्या मालकीपेक्षाही महत्त्वाचा ऐवज ठरतो.

वास्तव्य परवान्याचे जे प्लास्टिकचे कार्ड मिळते, त्यात इलेक्ट्रॉनिक ओळखीची सोय असते. सोबत आलेला सांकेतिक क्रमांक जपून ठेवला आणि ही सोय सुरू करून घेतली, तर गाडीची नोंदणी, पत्त्यातील बदल, नोंदणी रद्द करणे ही कामे घरबसल्या ऑनलाइन होऊ शकतात. ही सोय केवळ जर्मन नागरिकांपुरती आहे, अशा समजुतीने बरेच परदेशी नागरिक ते पाकीट उघडतही नाहीत.

सहा महिन्यांचे घड्याळ

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेली. जर्मनीत वाहन परवान्याच्या बाबतीत ती नेमकी उलटी लागू पडते. तेथे सहा महिने थांबले तर काम अडते.

भारतीय वाहन परवान्यावर जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच गाडी चालवता येते. तेही परवान्याचे मान्यताप्राप्त भाषांतर किंवा भारतातून काढून आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असेल तर. ज्यांचा मुक्काम एक वर्षाच्या आतच संपणार आहे आणि जे तसे सिद्ध करू शकतात, त्यांना ही मुदत वाढवून मागता येते. इतरांसाठी सहा महिन्यांनंतर तो परवाना जर्मन रस्त्यांवर निरुपयोगी ठरतो. त्यानंतर गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे. तो साधा वाहतूकभंग नसून फौजदारी गुन्हा आहे. त्याला दंडाची वा एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. अपघात घडला तर विमा कंपनीशी होणारा वाद निराळाच. वास्तव्याच्या परवान्यावर जगणाऱ्या माणसाला फौजदारी नोंद किती महागात पडू शकते, हे सांगण्याची गरज नाही.

काही देशांचे परवाने थेट बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे भारतात वीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच, की वैध परदेशी परवाना असणाऱ्याला नवशिक्यासारखे ठरावीक तासांचे सक्तीचे प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. मात्र परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच बसावे लागते. अर्जासोबत डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराच्या दिवसभराच्या वर्गाचे प्रमाणपत्र, छायाचित्र व मूळ परवाना लागतो. लेखी परीक्षा जर्मनखेरीज बारा परकी भाषांत देता येते. त्यांत इंग्रजी आहे, हिंदी वा मराठी नाही. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणे, सायकलस्वारासाठी वळताना मागे वळून पाहणे अशा सवयी अंगी बाणवण्यासाठी अनुभवी चालकही काही तास शिकवणी घेतातच. अर्ज मंजूर होण्यात जाणारे आठवडे धरले, तर पहिल्या महिन्यातच अर्ज करणे शहाणपणाचे ठरते.

विजेच्या गाडीचा विचार करणाऱ्यांसाठी येथे एक खास मुद्दा आहे. या गाड्यांना गिअर नसतात. प्रत्यक्ष परीक्षा अशा गाडीवर दिली तर मिळणारा परवाना केवळ ऑटोमॅटिक गाड्यांपुरता मर्यादित राहतो. पुढे कधी भाड्याने गिअरची गाडी घ्यायची वेळ आली तर अडचण होते. एप्रिल २०२१ पासून यावर तोडगा निघाला आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गिअरच्या गाडीवर किमान दहा पाठ घेऊन तेथील छोटी चाचणी दिली, की परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही प्रकारची वाहने चालवण्याची मुभा मिळू शकते. याची विचारणा अर्जाच्या वेळीच करावी लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे जर्मन परवाना हाती देताना भारतीय परवाना जमा करून घेतला जातो. त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत आधीच काढून ठेवलेली बरी.

आरसी बुकाचे दोन भाग

भारतात 'आरसी बुक' म्हणतात, त्या दस्तऐवजाचे जर्मनीत दोन भाग असतात. पहिला भाग गाडीत ठेवायचा, दुसरा घरात कुलपात. कर्जाने वा लीजवर घेतलेल्या गाडीचा दुसरा भाग बँकेकडे किंवा लीज कंपनीकडे राहतो. गंमत अशी की या कागदांवर ज्याचे नाव असते तो गाडीचा 'धारक' असतो, मालक असेलच असे नाही. मालकी सिद्ध होते ती खरेदीच्या करारपत्राने. त्यामुळे जुनी गाडी घेताना करारपत्र व दुसरा भाग हे दोन्ही हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत, हा तेथला पहिला धडा.

नोंदणीसाठी आधी विमा लागतो. विमा कंपनी सात अक्षर-अंकांचा एक सांकेतिक क्रमांक देते. तो नोंदणी कार्यालयाला दिला की विमा उतरवल्याची खात्री तेथल्या तेथे होते. विम्याचा हप्ता चालकाच्या अपघातमुक्त वर्षांवर ठरतो. भारतातील 'नो क्लेम बोनस'चा दाखला मान्य करायचा की नाही, हे त्या कंपनीच्या मर्जीवर असते. मागून पाहायला काहीच हरकत नाही. पण बहुधा प्रारंभ शून्यापासून होतो आणि पहिल्या वर्षीचा हप्ता डोळे पांढरे करतो.

विजेच्या गाडीचा विमा घेताना बॅटरीसंबंधीची कलमे बारकाईने वाचावी लागतात. बॅटरी हा गाडीतील सर्वांत महाग भाग. चार्जिंग करताना झालेली हानी, विजेच्या दाबातील चढउतार, चार्जिंगच्या केबलची चोरी यांचा समावेश आहे किंवा नाही, हे पाहायला हवे. जर्मनीत आणखी एक शत्रू आहे, 'मार्डर' नावाचा मुंगसासारखा लहान प्राणी. रात्री गाडीच्या बॉनेटखाली शिरून तारा कुरतडणे हा त्याचा छंद. विजेच्या गाडीतील उच्चदाबाची केबल त्याने चावली तर दुरुस्तीचे बिल मोठे होते. म्हणूनच तेथील विमापत्रांत या प्राण्याच्या चाव्याचे स्वतंत्र कलम असते.

'पीयूसी'ची मात्र कटकट नाही. नव्या गाडीची तांत्रिक तपासणी पहिल्यांदा तीन वर्षांनी व नंतर दर दोन वर्षांनी होते. धूरच नसल्याने विजेच्या गाडीला धुराची चाचणी द्यावी लागत नाही.

सवलतींचा पाऊस आणि उघडीप

विजेच्या गाडीच्या नंबरपाटीवर शेवटी 'ई' हे अक्षर घेता येते. २०१५ च्या कायद्याने ही सोय झाली. ही पाटी आपोआप मिळत नाही, मागावी लागते. तिच्या आधारे काही शहरांत पार्किंगमध्ये सवलत मिळते. कोठे किती, हे त्या त्या गावावर अवलंबून. वाहनकरातील सूट अधिक मोलाची. २०२५ च्या अखेरपर्यंत पहिली नोंदणी झालेल्या गाड्यांना दहा वर्षांपर्यंत, पण फार तर २०३० च्या अखेरीपर्यंत, करमाफी होती. २०२५ च्या शेवटी ही योजना वाढवण्यात आली. आता २०३० अखेरपर्यंत नोंदणी होणाऱ्या गाड्यांना ती लागू असून तिची कमाल मर्यादा २०३५ ची अखेर आहे.

सरकारी सवलतीवर किती विसंबावे, याचा धडा डिसेंबर २०२३ ने दिला. २०१६ पासून चालू असलेले खरेदी अनुदान त्या वर्षी केंद्र सरकारच्या वाट्यापुरते ४,५०० युरोपर्यंत होते. १६ डिसेंबरला, शनिवारी, जाहीर झाले की १७ डिसेंबरनंतर नवे अर्ज घेतले जाणार नाहीत. अर्ज करता येई तो गाडीची नोंदणी झाल्यानंतरच. ज्यांनी अनुदान गृहीत धरून गाडी मागवली होती, पण जिची नोंदणी व्हायची होती, अशा ग्राहकांचे हिशेब एका रात्रीत कोलमडले. काही उत्पादकांनी ती तूट स्वतः भरून दिली, सर्वांनी नाही. हाती पडलेली सवलत हीच खरी, असे मानून अंदाजपत्रक मांडणे हाच त्यातला बोध.

एक छोटा लाभ मात्र दरवर्षी मिळू शकतो. इंधन कंपन्यांवर हरितगृह वायू घटवण्याचे कायदेशीर बंधन आहे. विजेच्या गाडीमुळे वाचलेले उत्सर्जन प्रमाणित करून घेऊन ते या कंपन्यांना विकता येते. २०२२ पासून खासगी गाडीधारकांनाही ही वाट खुली झाली. आरसीच्या पहिल्या भागाची प्रत मध्यस्थ कंपनीकडे पाठवायची, पर्यावरण खात्याचे प्रमाणपत्र ती मिळवते आणि रक्कम खात्यात जमा होते. गाडी लीजवर असली तरी लाभ धारकाला मिळतो. प्रारंभी तीनशे युरोंच्या वर गेलेली ही रक्कम पुढे खूप घसरली. ती बाजारभावावर ठरते, म्हणून तिला बक्षिशी समजावे, उत्पन्न नव्हे.

भिंतीवरचा चार्जर

विजेच्या गाडीचे खरे अर्थकारण घरच्या चार्जरवर उभे असते. घरगुती विजेचे एक युनिट साधारण तीस ते चाळीस सेंटला पडते. महामार्गावरील जलद चार्जिंगला त्याहून बरेच अधिक मोजावे लागतात. घरी चार्जिंगची सोय नसेल तर पेट्रोलच्या तुलनेतली बचत बरीचशी विरून जाते.

पण बहुतेक परदेशी कुटुंबे भाड्याच्या सदनिकेत राहतात. तेथे प्रश्न उभा राहतो परवानगीचा. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत चार्जरसाठी ना हरकत पत्र मागणाऱ्यांना तो चांगलाच ओळखीचा वाटेल. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवण्याची परवानगी भाडेकरू मागू शकतो आणि सबळ कारणाशिवाय घरमालकाला ती नाकारता येत नाही. इमारतीत अनेक मालक असतील तर घरमालकाला पुन्हा त्यांच्या सभेची संमती घ्यावी लागते. सभा बहुधा वर्षातून एकदा. म्हणजे हक्क आहे, पण तो हाती येईपर्यंत वर्ष उलटू शकते. शिवाय घर सोडताना चार्जर काढून भिंत पूर्ववत करून देण्याची अट घातली जाऊ शकते आणि त्यासाठी जादा अनामत मागितली जाऊ शकते.

संमतीनंतर येते ती वीजजाळ्याची नोंद. ११ किलोवॅटचा चार्जर जाळे चालवणाऱ्या कंपनीला कळवून बसवावा लागतो. २२ किलोवॅटच्या चार्जरला तिची पूर्वपरवानगी लागते. काम नोंदणीकृत वायरमननेच करायचे असते. १ जानेवारी २०२४ पासून आणखी एक नियम लागू आहे. जाळ्यावर ताण आला तर कंपनी नव्या घरगुती चार्जरची शक्ती ४.२ किलोवॅटपर्यंत खाली आणू शकते. त्याच्या मोबदल्यात ग्राहकाला जाळ्याच्या आकारात सूट मिळते. ही मर्यादा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. ४.२ किलोवॅटने दोन तासांत सव्वाआठ युनिटांच्या वर वीज भरते आणि तेवढ्यात सामान्य गाडी सुमारे ५० किलोमीटर जाते. शहरी नोकरदाराची रोजची गरज यात भागते.

ज्यांना घरी सोय नाही, त्यांनी कचेरीकडे पाहावे. मालकाने कामाच्या ठिकाणी दिलेली वीज २०३० अखेरपर्यंत प्राप्तिकरातून मुक्त आहे. सार्वजनिक चार्जिंगचा गोंधळही थोडा निवळला आहे. पूर्वी दर कंपनीचे वेगळे कार्ड वा अॅप लागे. युरोपीय संघाच्या नियमानुसार १३ एप्रिल २०२४ नंतर उभ्या राहिलेल्या, ५० किलोवॅट व त्यावरील सार्वजनिक चार्जरवर बँकेच्या कार्डाने पैसे भरता येणे बंधनकारक आहे. नव्याने आलेल्या माणसाला याचा मोठा आधार होतो.

करार किती वर्षांचा, मुक्काम किती वर्षांचा?

आता या साऱ्या साखळीतील सर्वांत नाजूक कडी. लीजचा करार बहुधा दोन ते चार वर्षांचा असतो आणि तो मध्येच सहजासहजी मोडता येत नाही. परदेशी नोकरदाराचा वास्तव्य परवाना मात्र त्याच्या नोकरीशी जोडलेला असतो. नोकरी गेली, कंपनीने दुसऱ्या देशात बदली केली, किंवा आईवडिलांच्या आजारपणामुळे भारतात परतावे लागले, तरी हप्ते थांबत नाहीत. गाडीचा करार परवान्याच्या मुदतीपलीकडे जात असेल, तर तो दुसऱ्याच्या नावे करता येतो का, मुदतीपूर्वी गाडी परत केल्यास किती भुर्दंड पडतो, हे सहीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. ज्यांचा मुक्काम अनिश्चित आहे, त्यांना वॉरंटी शिल्लक असलेली जुनी गाडी रोखीने घेणे अधिक सुरक्षित पडते. बॅटरीची हमी साधारणपणे आठ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते. खरेदीपूर्वी बॅटरीच्या प्रकृतीचा दाखला मागता येतो.

परतताना गाडी सोबत नेण्याचा विचार अनेकांच्या मनात डोकावतो. तो लगेच सोडून द्यावा. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि तिचे चालकचक्र उजवीकडे असावे, अशा अटी आहेत. जर्मनीतील गाड्यांचे ते डावीकडे असते. आयात शुल्काचा विचार त्यानंतरचा. त्यामुळे गाडी तेथेच विकणे हाच मार्ग उरतो. विकल्यावर नोंदणी रद्द झाल्याची खात्री स्वतः करून घ्यावी. अन्यथा नव्या धारकाच्या दंडाच्या नोटिसा जुन्या नावावर येत राहतात. विमा कंपनीकडून अपघातमुक्त वर्षांचा दाखला घ्यावा. पुढचा मुक्काम दुसऱ्या युरोपीय देशात पडला तर तो उपयोगी येतो. शेवटी पत्त्याची नोंदणीही रद्द करायची. ज्या खिडकीवर प्रारंभ झाला, तिथेच समाप्ती होते.

पेट्रोलची गाडी कुठल्याही पंपावर भागते. तिला मालकाचे घर भाड्याचे आहे की स्वतःचे, याच्याशी काही देणेघेणे नसते. विजेच्या गाडीचे तसे नाही. तिचे इंधन घराच्या भिंतीतून येते आणि भिंत दुसऱ्याची असते. म्हणून परक्या देशात विजेची गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये जाण्याआधी भाडेकरार, वास्तव्याचा परवाना आणि वाहन परवान्याचा अर्ज हे तीन कागद समोर ठेवावेत आणि त्यांवरच्या तारखा जुळवून पाहाव्यात. त्या जुळल्या तर गाडी सुखाने धावते. न जुळल्या तर आणखी वर्षभर ट्रामचा पास काढण्यात कमीपणा नाही.